साठ वर्षं इथली, सत्तर तिथली

"एकतीस ऑर्डरी जर्मनीच्या आहेत," मी म्हटलं. "त्या आपल्याला पाठवता येणार नाहीत."

सबनीस सर कव्हरचं प्रूफ बघत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "का? पोस्ट बंद आहे?"

"पोस्ट चालू आहे. पुस्तक बंद आहे. तिथे."

आता मात्र मान वर आली. सबनीस सर आमचे प्रकाशक. ठाण्याला नौपाड्यात एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं तीन खोल्यांचं ऑफिस आहे. मी तिथे परवानग्यांचं काम बघते. कोणाचं लेखन, कोणाचा फोटो, कोणाचं चित्र छापायचं तर कोणाला विचारायचं, आणि मुळात विचारायची गरज आहे का, हे ठरवणं माझं काम. ऑफिसात मला पाठीमागे नकारघंटा म्हणतात. मला ते ऐकू येतं.

पुस्तक होतं एका जर्मन शाळामास्तराचं. उत्तर समुद्राच्या काठी ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलात कोण कोण राहतं, हे मास्तराने आपल्या गावच्या मुलांसाठी लिहिलं होतं. चोवीस चित्रं होती. मराठी भाषांतर केलं होतं हरिश्चंद्र म्हात्रे यांनी. वय ब्याऐंशी, राहणार डोंबिवली पूर्वेला मानपाड्याजवळच्या गावात. रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि मेंटेनन्स फिटर म्हणून रिटायर झाले. कारखान्यात जर्मन मशीन आलं तेव्हा ते बसवायला आलेला इंजिनीअर अकरा महिने राहिला. म्हात्रेकाका त्याच्याकडून आणि मशीनच्या मॅन्युअलमधून जर्मन शिकले. रविवारी ते त्याला खाडीवर न्यायचे. जाताना तो त्यांना हे पुस्तक देऊन गेला. म्हणाला, तुझ्या खाडीत आणि माझ्या गावच्या चिखलात मला फार फरक दिसत नाही.

मी बरीच भाषांतरं वाचते. बहुतेकांना चिखलाला "पंकभूमी" म्हणायची खोड असते. काकांनी सरळ खाजण लिहिलं होतं, खेकड्याला चिंबोरी, आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांगाची भरती. हस्तलिखित पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दुपारचा डबा उघडायची विसरले.

तर, घोळ असा झाला होता. मराठी पुस्तकाला प्रकाशनपूर्व सवलत ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. पुस्तक येण्याआधी नाव नोंदवा, स्वस्तात घ्या. दर वेळी आम्ही फॉर्म छापून वाचनालयांत ठेवतो. या वेळी तो व्हॉट्सअॅपवर फिरवला, आणि तो फिरत फिरत जर्मनीतल्या मराठी मंडळात गेला. फॉर्मवर "फक्त भारतात" असं लिहायचं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

"पण तुम्हीच म्हणालात की पुस्तक फ्री झालंय," सर म्हणाले. "पब्लिक डोमेन."

पब्लिक डोमेन म्हणजे कॉपीराइटची मुदत संपलेलं. कोणीही छापावं, कोणीही भाषांतर करावं, कोणाची परवानगी नको. मी म्हटलं, "भारतात फ्री झालंय. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या एक जानेवारीपासून साठ वर्षं मोजतात. मास्तरला जाऊन त्रेसष्ट झाली. जर्मनीत सत्तर मोजतात. तिथे अजून सात शिल्लक आहेत."

"अहो, लेखक एकच, पुस्तक एकच. माणूस इथे मेलाय आणि तिथे जिवंत आहे का?"

"कायद्याच्या दृष्टीने साधारण तसंच."

"मग अमेरिकेच्या सहा?"

"त्याही थांबवा. तिथे इतक्या जुन्या पुस्तकांना लेखकाच्या मरणाशी घेणंदेणंच नाही. छापल्यापासून पंच्याण्णव वर्षं."

"कुठे याहून वाईट आहे का?"

"मेक्सिकोत मेल्यावर शंभर. पण तिथून ऑर्डर नाही."

"नशीब," सर म्हणाले आणि कव्हर बाजूला ठेवलं.

लोकांना वाटतं, कॉपीराइटचा जगाचा मिळून एक कायदा असेल. तो नाही. देशादेशांमध्ये करार आहे, आणि करार म्हणतो की लेखकाच्या मरणानंतर किमान पन्नास वर्षं तरी द्या. त्यावर कोणी किती वाढवायची हे ज्याचं त्याने ठरवलं. त्यामुळे तेच पुस्तक ठाण्यात छापलं तर काही नाही, आणि विमानाने तिकडे नेऊन विकायला ठेवलं तर गुन्हा.

हे काकांना सांगायला हवं होतं. ते दुसऱ्या दिवशी ऑफिसला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन आणि टेस्टर. रिटायर होऊन चोवीस वर्षं झाली तरी टेस्टर खिशातून गेलेला नाही. मी सगळं समजावलं. शिफ्ट बदलताना आधीच्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं त्यांनी ते मधे न बोलता ऐकलं.

"मंडळवाल्यांना मी फोन करतो," ते म्हणाले. "थांबतील. पण मॅडम, ही साठ वर्षं कोणाच्या मरणापासून?"

"ज्याने काम केलं त्याच्या."

"म्हणजे ज्याने जे केलं, त्याचं त्याच्या मरणापासून?"

"बरोबर."

त्यांनी मान डोलावली. मग उठता उठता विचारलं, "छपाई कधी लागते?"

"दहा दिवसांत."

"बरं होईल. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, पडदा खराब झालाय, मधलं दिसायचं बंद होणार. सहा महिने म्हणतो, मला वाटतं आधीच. एकदा पुस्तक डोळ्यांनी बघितलं, चित्रांसकट, की माझं काम झालं."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. ते गेल्यावर मी प्रेसला फोन केला आणि दहाचे आठ दिवस करायला सांगितलं. मी सहसा असलं करत नाही.

तिसऱ्या दिवशी काका परत आले, न बोलावता. प्लास्टिकच्या पिशवीत मूळ जर्मन पुस्तक आणि दांड्याचं भिंग. त्यांनी चिंबोरीचं चित्र उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"मागच्या पायाखाली बघा."

पायाखाली चिखलाच्या रेघा होत्या. त्यांच्यात दोन अक्षरं लपली होती. मुंगीएवढी.

"मास्तरच्या नावाची ही अक्षरं नायत," काका म्हणाले. "चोवीसच्या चोवीस चित्रांत हायत. काल दिवसभर बघितलं. तुम्ही म्हणालात ना, ज्याने जे केलं त्याचं त्याच्या मरणापासून? पंप नि मोटर एकाच लोखंडी बेडवर बसतात, मॅडम. पण नेमप्लेट दोन असतात. मेकर वेगळा, गॅरंटी वेगळी. मी एकच प्लेट वाचली होती."

"वाचायचं काम माझं होतं, काका," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुस्तकात चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून मी चित्रं मास्तराचीच धरून चालले होते. मजकुराचा कॉपीराइट वेगळा आणि चित्रांचा वेगळा, हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. आणि ज्या माणसाची नजर जायला लागली होती, त्याने ते मला शोधून दाखवलं.

सबनीस सरांना बोलावलं. त्यांनी भिंगातून बघितलं, खुर्चीत बसले आणि पहिला प्रश्न मुद्द्याचा विचारला. "नाव नाही, म्हणजे निनावी. निनावीला कायदा काय म्हणतो?"

"आपल्याकडे छापल्यापासून साठ वर्षं."

"पुस्तक छापून सत्तरच्या वर झाली. मग संपलं की! चढवा मशीनवर."

"निनावी म्हणजे नाव कुठेच नाही. इथे दोन अक्षरं आहेत. मधल्या काळात तिकडे या माणसाचं नाव रीतसर जाहीर झालं असेल, तर त्याच्या मरणापासून मोजायचं. तो माणूस कालपरवापर्यंत जिवंत असू शकतो."

"आणि नाही शोधलं तर?"

"तर निनावी म्हणून छापता येईल. कदाचित ते बरोबरही ठरेल."

सर काकांकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. शोधायला महिने लागतील. काकांकडे महिने नव्हते. ठाण्यात बसून कोण विचारणार होतं त्या दोन अक्षरांबद्दल?

"काका," सर म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं. खरंच सांगतो. तुम्ही म्हणालात छापा, तर मी उद्या छापतो. जबाबदारी माझी."

काकांनी पुस्तक मिटलं. "गेज वाचता येत नाय म्हणून आत प्रेशर नाय, असं नसतं साहेब. आधी विचारू."

मला वाटतं, त्या क्षणी तिथे तिघांतला सगळ्यात घाईत असलेला माणूस तोच होता.

चित्रांशिवाय पुस्तक काढावं, हाही विचार मी मांडला. नवी चित्रं काढून घ्यावीत, हाही. काकांनी दोन्हींना नाही म्हटलं. त्या चित्रांसाठीच मी भाषांतर केलं, म्हणाले.

मूळ प्रकाशनसंस्था केव्हाच बंद पडली होती. मास्तराची शाळा मात्र अजून चालू होती. तिला पत्र पाठवायचं ठरलं. मी इंग्रजीत मसुदा करत होते, पण काका म्हणाले, जर्मन मी लिहितो. लिहून आणलं आणि आम्हाला अर्थ वाचून दाखवला:

"एक. हे पुस्तक भारतात आहे. दोन. चित्रांवर दोन अक्षरं आहेत. तीन. कृपया व्यक्ती ओळखावी. चार. व्यक्ती ओळखल्याशिवाय आम्ही मशीन सुरू करणार नाही. पाच. उत्तर लवकर द्यावे, कारण ऑपरेटरची नजर कमी होत आहे."

सबनीस सर हसू दाबत होते. "काका, हे मॅन्युअलसारखं झालंय."

"मला तेवढंच जर्मन येतं. नि त्या लोकांना नंबर घातलेलं आवडतं."

गेलं ते पत्र तसंच, ईमेलनेही आणि पोस्टानेही. मी प्रेसला थांबायला सांगितलं. प्रेसवाल्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाच आठवडे काही नाही. मग शाळेच्या लायब्ररीतल्या बाईंची ईमेल आली. पत्र त्यांनी शिक्षकांच्या खोलीत लावलं होतं. अक्षरं ओळखली होती. चित्रं गावातल्याच एका बाईची होती. या बाई घरी बसून कोळंबी सोलून द्यायच्या आणि शाळेत झाडलोट करायच्या. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत, अगदी थोड्या वर्षांनी, त्यांचं नाव आतल्या पानावर छापलं गेलं होतं. काकांकडची प्रत पहिल्या आवृत्तीची होती. बाईंना जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती.

म्हणजे निनावीची पळवाट खोटी होती. चित्रं इथे अजून एकतीस वर्षं बंद होती आणि तिकडे एक्केचाळीस. आम्ही छापली असती तर सरळ सरळ चोरी झाली असती, आणि मी फाइलवर "क्लिअर" असा शिक्का मारून ती केली असती.

बाईंचा मुलगा हयात होता. लायब्ररीतल्या बाईंनी काकांचं पत्र त्याच्याकडे पोचवलं. त्याचं उत्तर आणखी सात आठवड्यांनी आलं, पोस्टाने, हाताने लिहिलेलं. मी ते पाकीट घेऊन डोंबिवलीला गेले. फोनवर फोटो पाठवून चालणार नाही, असं काका म्हणाले होते. का, ते तिथे गेल्यावर कळलं.

काका पत्र डोळ्यांजवळ नेत होते, मान तिरकी करत होते, भिंग मागेपुढे करत होते. शेवटी त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "रेघा दिसतात, अक्षर नाय," म्हणाले.

मला जर्मन येत नाही. पण लिपी तर येते. मी म्हटलं, "मी एकेक अक्षर सांगते. तुम्ही शब्द करा."

तसं सुरू केलं. मी अक्षरं सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि शब्द म्हणायचे, मग वाक्य, मग मराठी. म्हाताऱ्या माणसाचं थरथरतं वळणदार अक्षर होतं. माझं चुकायचं, ते म्हणायचे, असा शब्द नसतो, परत बघा. दीड पानाच्या पत्राला दुपार गेली. काकी दोनदा चहा ठेवून गेल्या आणि तिसऱ्यांदा तिथेच बसल्या.

पत्रात लिहिलं होतं की आईने ती चित्रं स्वयंपाकघरात, कोळंबी सोलून झाल्यावर त्याच टेबलावर काढली होती. चिंबोऱ्या बादलीत ठेवलेल्या असत. चित्रं हवी तशी छापा, मला त्यासाठी काही नको. एकच अट आहे. आईचं नाव आत छापलं, पण बारीक. कव्हरवर कधीच आलं नाही. तुम्ही ते कव्हरवर घाला, मास्तरांच्या नावाएवढ्याच अक्षरात. आणि मला एक प्रत पाठवा, मी ती तिच्या टेबलावर ठेवीन.

काकी म्हणाल्या, "कोलंबी सोलायची? म्हणजे आपल्यातलीच गो ती!"

मला रडू आलं. परवानग्यांच्या कामात रडू यायचे प्रसंग कमी येतात.

कव्हर छापून तयार होतं. सबनीस सरांनी पत्राचं भाषांतर उभ्या उभ्या वाचलं आणि कव्हरची सगळी बंडलं रद्दीत द्यायला सांगितली. मी त्यांच्याकडे एकवीस वर्षं काम करते आहे आणि बरेचदा त्यांच्यावर चिडते. त्या दिवशी मात्र मला माझ्या ऑफिसचा अभिमान वाटला. नवं कव्हर आलं, त्यावर तीन नावं सारख्या अक्षरात: मास्तर, कोळंबीवाली बाई, हरिश्चंद्र म्हात्रे. पहिल्या पानावर मी ठळक टाईपात ओळ घातली, "विक्री फक्त भारतात." मुलाला भेट म्हणून एक प्रत गेली. भेट वेगळी आणि विक्री वेगळी. मंडळवाले सात वर्षं थांबायला तयार आहेत असं म्हणतात, बघू.

पुस्तक तयार झालं ते ठरल्यापेक्षा साडेचार महिने उशिरा. पहिली प्रत घेऊन मीच गेले. काकांनी ती हातात घेतली, वास घेतला, पानांवरून बोटं फिरवली. मग मान पूर्ण डावीकडे वळवून डोळ्याच्या कडेने चिंबोरीचं चित्र बघितलं. मधलं दिसत नव्हतं. कडेने थोडं थोडं करून त्यांनी ते चित्र जमवलं. बराच वेळ लागला.

"बाय," त्यांनी मला विचारलं, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, "कव्हरवर तिचं नाव नीट आलंय ना? आडनावात चूक नाय ना?"

मी एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून मान हलवली.

मला राहवलं नाही. "काका, तुम्ही त्या दिवशी ती अक्षरं दाखवली नसती, तर हे सगळं तुम्हाला लख्ख दिसलं असतं."

"दिसलं असतं," ते म्हणाले. "पण मग मला दर पानावर तेवढी दोन अक्षरंच दिसली असती."

आमच्या परवानगीच्या फॉर्मवर आता एक रकाना वाढला आहे. "लेखक कधी वारले" याच्या खाली "चित्रं कोणाची, आणि ते कधी वारले" असं छापलं आहे, आणि त्यापुढे "कोणत्या देशात विकायचं". ऑफिसात त्याला म्हात्रेकाकांचा रकाना म्हणतात. तो भरता आला नाही म्हणून आतापर्यंत दोन पुस्तकं मशीनवरून खाली उतरली आहेत. सबनीस सर दर वेळी वैतागतात, आणि दर वेळी थांबतात.